सीलबंद घोरणं

मापसाहेब घोरतात की नाही, यावर घरात दोन मतं होती. एक मापसाहेबांचं, आणि दुसरं ज्यांना कान होते त्या सगळ्यांचं.

कान असणाऱ्यांत बायको पहिली. मग शिकायला बाहेरगावी गेलेली मुलगी. मग भिंतीपलीकडे राहणारे निवृत्त ड्रॉइंगमास्तर. मास्तरांनी तर एकदा जिन्यात थांबवून फार अदबीने विचारलं होतं, "साहेब, तुमच्याकडे रात्री सुतारकाम चालू आहे का?" मापसाहेबांचं यावर एकच म्हणणं असे. ज्याचं माप नाही, ते सिद्ध नाही.

हे म्हणायचा त्यांना अधिकार होता. ते वजनमापे खात्यात निरीक्षक होते. दुकानदाराचा काटा, कापडवाल्याचा मीटर, पेट्रोल पंपावरचं पाच लिटरचं माप, सगळं त्यांच्या नजरेखालून जाई. इमारतीत त्यांना खऱ्या नावाने कुणी ओळखतच नसे. आपल्याला आजवर कुणी फसवलेलं नाही, हा त्यांच्या आयुष्यातला एक मोठा ऐवज होता. तो ते जपून ठेवत, आणि अधूनमधून पाहुण्यांना दाखवतही.

मुलगी वसतिगृहात गेली आणि तिची खोली रिकामी झाली. थोड्याच दिवसांत बायकोने आपली उशी उचलली आणि ती तिकडे झोपायला लागली. भांडण नाही, तंटा नाही. "मला झोप हवी आहे हो," एवढंच म्हणाली. मापसाहेबांनी "ठीक आहे" म्हटलं, आणि त्यांना ते अजिबात ठीक वाटलं नाही. पलंग एकाएकी फार मोठा झाला. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर बायको शेजारी नाही म्हणून चैन पडत नाही, हे कुणाला सांगायची सोय नसते. बायकोला तर नसतेच. "परत ये" हे दोन शब्द त्यांच्या जिभेवर कैकदा आले आणि बाहेर पडताना प्रत्येक वेळी त्यांचं "पुरावा काय?" असं झालं.

"पुरावा?" बायको म्हणाली. "तुम्ही झोपा, मी जागी राहते. हाच पुरावा."

"त्याला पुरावा म्हणत नाहीत. त्याला तक्रार म्हणतात."

मग एका रविवारी मोबाइलवर त्यांना ती जाहिरात दिसली. घोरणं मोजणारं ॲप. रात्री फोन उशाशी ठेवायचा, ते सगळे आवाज टिपून घेतं आणि सकाळी अहवाल देतं. पहिले सात दिवस फुकट.

आता 'फुकट' या शब्दाविषयी मापसाहेबांचं एक जाहीर धोरण होतं. बायकोने मागे एकावर एक फुकट म्हणून चादरी घेतल्या होत्या. पहिल्याच धुण्यात त्यांचा रंग मापसाहेबांच्या पांढऱ्या सदऱ्यांना लागला. तेव्हा त्यांनी पंधरा दिवस तिला व्याख्यान दिलं. फुकट हा शब्द दिसला की पाकीट घट्ट धरायचं, हे त्याचं सार. बायकोने ते निमूट ऐकलं होतं. निमूट ऐकणारी माणसं विसरत नाहीत, हे मापसाहेबांना कळायला हवं होतं.

पण इथे प्रश्न पलंगाचा होता. त्यांनी ॲपच्या अटी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचल्या. अक्षरं फार बारीक आहेत अशी मनात नोंदही केली. कार्डाचा नंबर फक्त ओळखीसाठी मागितला होता. मुदत संपायच्या आदल्या दिवशी फोनवर आठवण येणार होती. आठवण आली की रद्द करायचं, संपलं. यात फसण्यासारखं काय आहे? त्यांनी नंबर दिला.

इथवर जे झालं ते कुणाच्याही हातून झालं असतं. पुढचं मात्र फक्त मापसाहेबांच्या हातून होऊ शकत होतं.

पुराव्यात फेरफार होता कामा नये. उद्या अहवाल त्यांच्या बाजूने आला आणि बायको म्हणाली की तुम्हीच काहीतरी दाबलंत, तर? म्हणून त्यांनी कपाटातला जुना फोन काढला, ॲप त्यात घातलं आणि तो बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवला. झाकणाला खिळ्याने भोकं पाडली, आवाज आत जावा म्हणून. एका भोकातून चार्जरची वायर आत सोडली. मग डब्याला चहूबाजूंनी सुतळी बांधून गाठीवर लाख ओतली. लाख ऑफिसची नव्हती. स्वतःच्या पैशाने आणली होती आणि तिची पावती त्यांनी ठेवली होती. शेवटी सुतळीखाली कागदाची चिठ्ठी सरकवून तिच्यावर दोन सह्या घेतल्या. एक तटस्थ पंच म्हणून ड्रॉइंगमास्तरांची, आणि एक फिर्यादी म्हणून बायकोची.

"म्हणजे हे सगळं ऐकणार?" बायकोने डब्याकडे बघत विचारलं.

"सगळं. मुंगी चालली तरी ऐकेल. आठवड्याने पंचांसमक्ष उघडायचं. तोवर हात लावायचा नाही."

बायको सही करताना जरा घुटमळली. मग तिने केली.

आठवडा व्यवस्थित चालला होता. सुटीच्या आदल्या दिवशी, दोघं जेवत असताना, पलंगाशेजारच्या स्टुलावर डबा गुरगुरला.

"डबा वाजतोय," बायको म्हणाली.

"वाजू दे. पुराव्याला हात लावायचा नाही."

डबा आणखी दोनदा गुरगुरला आणि गप्प झाला. मुदत संपत आल्याची आठवण आली होती. ती डब्यात आली, डब्यातच राहिली, आणि तिच्यावर लाखेचं सील होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर आंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून पंच म्हणून हजर झाले. बायकोने चहा ठेवला. मापसाहेबांनी कात्री उचलली, घसा साफ केला, आणि तेवढ्यात त्यांच्या खिशातला रोजचा फोन वाजला. बँकेचा निरोप होता. खात्यातून एका चांगल्या छताच्या पंख्याएवढी रक्कम गेली होती. एक वर्षाची वर्गणी. धन्यवाद.

मापसाहेबांनी तो निरोप वाचला. मग चष्मा पुसून पुन्हा वाचला. समोर बायको होती, चादरीवाली बायको. शेजारी मास्तर होते, म्हणजे संध्याकाळपर्यंत सगळी इमारत होती. त्यांनी कात्री खाली ठेवली.

"काय झालं?" बायकोने विचारलं.

"ऑफिसचं तातडीचं काम आलं. डबा नंतर उघडू."

आज रविवार आहे, ऑफिस बंद आहे, असं ती म्हणेल म्हणून त्यांनी श्वास रोखला. पण बायको म्हणाली, "राहू द्या ना मग. घाई काय आहे?" आणि चक्क तिच्या चेहऱ्यावर सुटका झाल्यासारखं दिसलं. आठवडाभर जिंकायची वाट पाहिलेली बाई निकालाच्या दिवशी अशी मागे का सरते, हा प्रश्न त्यांना पडायला हवा होता. पण घाबरलेल्या माणसाला दुसऱ्याची भीती दिसत नाही. त्यांनी बूट घातले आणि रविवारच्या दिवशी, नसलेल्या कामासाठी, बंद ऑफिसकडे निघाले.

बागेतल्या बाकावर बसून त्यांनी कंपनीच्या मदत केंद्राला लिहिलं. तिथे एक यंत्र होतं आणि ते स्वतःला त्यांची मैत्रीण म्हणवत होतं. मापसाहेबांना आयुष्यात मैत्रीण नव्हती. ती या वयात आणि अशा कारणाने मिळावी, याचं त्यांना वाईट वाटलं.

वर्गणी रद्द करायची आहे, असं त्यांनी लिहिलं.

'हे ऐकून फार वाईट वाटलं,' मैत्रीण म्हणाली. 'कृपया ॲप उघडा आणि उजव्या कोपऱ्यात जा.'

ॲप सीलबंद आहे, असं त्यांनी लिहिलं.

'उत्तम. आणखी काही मदत हवी आहे का?'

त्यांनी अतिशय सभ्य भाषेत तीन परिच्छेद लिहिले. पंचांच्या सह्यांचा उल्लेख केला. सील तोडायचं तर बायकोसमोर तोडावं लागेल, आणि बायकोसमोर तोडलं तर सगळंच फुटेल, ही अडचणही एका यंत्राला समजावून सांगितली. मैत्रिणीने त्यांना पुढच्या वर्षाच्या वर्गणीवर सूट देऊ केली.

आता माणसाने अशा वेळी गप्प बसावं. पण गप्प बसायला मन शांत लागतं. सोमवारी ते मेव्हण्याच्या दुकानात गेले. मेव्हणा मोबाइलची कव्हरं आणि काचा विकायचा, आणि त्यामुळे मोबाइलच्या आतलंही आपल्याला कळतं असा त्याचा समज होता.

"आमच्या ऑफिसात एक गृहस्थ आहेत," मापसाहेबांनी सुरुवात केली.

"किती गेले भाऊजी?" मेव्हणा म्हणाला.

आकडा ऐकून मेव्हण्याने शीळ घातली आणि ताईला सांगणार नाही अशी शपथ घेतली. मग त्याने मापसाहेबांच्या रोजच्या फोनवर तेच ॲप चढवलं. इथून आत शिरू, रद्द करू, बाहेर पडू, असा त्याचा बेत होता. ॲपने परवलीचा शब्द विचारला. तो मापसाहेबांनी कुणालाही सुचणार नाही असा ठेवला होता, आणि आता तो त्यांनाही सुचेना. "काळजी नको, नवं खातं काढतो," असं म्हणून मेव्हण्याने भराभर बोटं चालवली. कार्डाचा नंबर फोनमध्ये आधीच होता. या कार्डावर फुकटची संधी एकदा वापरून झाली असल्याने दुसऱ्या वर्गणीचे पैसे लगेच गेले.

दोघांनी तो निरोप एकत्र वाचला.

"आता तुमच्याकडे दोन झाल्या," मेव्हणा म्हणाला. मग त्याने मापसाहेबांच्या फोनला नवी काच बसवून दिली. तिचे पैसे घेतले नाहीत. फुकट म्हणून मापसाहेबांनी ते जबरदस्तीने दिले.

त्या दिवसापासून त्यांचं जेवणावरचं लक्ष उडालं. फोन किंचित थरथरला तरी घास हातात राही. बायको "अहो" म्हणाली की ते दचकत. ती बहुतेक वेळा मीठ द्या म्हणायची. कपाटावर चढवलेला डबा आता साऱ्या घरावर नजर ठेवून बसल्यासारखा वाटे. झाडताना बायको त्याला वळसा घाली, हेही त्यांच्या लक्षात आलं नाही. रोज संध्याकाळी घरी येताना ते जिन्यातच तिचा चेहरा कसा असेल याचा अंदाज घेत. तिला कळलं तर ती ओरडणार नाही, हे त्यांना माहीत होतं. ती फक्त कपाटातून ती रंग गेलेली चादर काढेल आणि काही न बोलता त्यांच्या पलंगावर अंथरेल. आणि मुलीच्या खोलीत निघून जाईल, बहुधा कायमची. पुराव्याच्या नादात त्यांनी पलंग तर मोठा करून घेतला होताच, आता अब्रूही गमावणार होते.

शेवटी बँकेला फोन करून त्यांनी कार्ड बंद करून टाकलं. त्या सुखात एक दिवस गेला. दुसऱ्या दिवशी ते पेट्रोल पंपाच्या तपासणीला गेले. हा पंपवाला मागे कमी माप देताना सापडला होता आणि मापसाहेबांनी त्याचं मशीन बंद केलं होतं. यावेळी माप चोख निघालं. मापसाहेबांनी तसा शेरा लिहिला आणि परतताना स्वतःच्या स्कूटरमध्ये पेट्रोल भरून घेतलं. मग कार्ड दिलं. कार्ड चाललं नाही. पुन्हा फिरवलं. नाहीच. पाकिटात त्यांनी नोटा ठेवणं कधीच सोडून दिलं होतं.

पंपवाला केबिनमधून बाहेर आला. त्याने कार्डाकडे बघितलं, मापसाहेबांकडे बघितलं. चिडवलं असतं तर बरं झालं असतं. तो मायेने म्हणाला, "असू द्या साहेब. कुणावरही वेळ येते."

"ते चालणार नाही. पेट्रोल परत काढून घ्या."

"अहो, टाकीतलं कसं काढणार?"

"नळीने. मोजून घ्या."

आणि पंपावरच्या सगळ्या गिऱ्हाइकांसमोर, वजनमापे खात्याच्या निरीक्षकाच्या स्कूटरमधून खात्याच्याच मापात पेट्रोल काढलं गेलं. काढणाऱ्याने भरलेलं तेवढं काढलंच, वर आधीचं तळाशी असलेलंही काढलं. मापसाहेब स्कूटर ढकलत घरी आले. घामाने भिजलेला सदरा बघून बायकोने विचारलं, तेव्हा ते "व्यायाम" एवढंच म्हणाले.

"हल्ली तुम्ही फार दमता हो," बायको म्हणाली. तिने पाणी आणून दिलं आणि ते पीत असताना ती त्यांच्या छातीकडे बघत उभी राहिली. मापसाहेबांना वाटलं, हिला संशय आला.

मास्तरांना सांगावंच लागलं, कारण पंच म्हणून डबा कधी उघडणार हे ते रोज जिन्यात विचारू लागले होते. मास्तरांनी कुणाला न सांगण्याचं वचन दिलं. दुसऱ्या दिवसापासून मापसाहेबांना सल्ले मिळू लागले. तळमजल्यावरच्या शिंप्याने सांगितलं, त्याच्या भाच्याचंही असंच झालं होतं, त्याने फोनच विकला. दाताच्या डॉक्टरीणबाईंनी जिन्यात थांबवून, मनाला लावून घेऊ नका, दात खाल्ले जातात झोपेत, असं सांगितलं. प्रत्येक जण शेवटी आवाज खाली आणून म्हणे, "वहिनींना नाही ना माहीत?" इमारतीत ज्यांना माहीत नव्हतं अशा वहिनी एकट्याच उरल्या होत्या, निदान मापसाहेबांची तशी समजूत होती.

पैसे परत मिळावेत म्हणून बँकेचा तक्रार अर्जही मास्तरांच्याच मदतीने भरला. 'सदर सेवेचा आपण वापर केला आहे काय?' या रकान्यापाशी मापसाहेब अडले. खोटं लिहिणं त्यांच्या हातून होत नसे.

"डबा उघडला का तुम्ही?" मास्तरांनी विचारलं.

"नाही."

"अहवाल वाचला?"

"नाही."

"मग वापर कुठला? तुमच्या खात्यात काय म्हणतात?"

मापसाहेबांचा चेहरा कित्येक दिवसांनी उजळला. सीलबंद माल म्हणजे न वापरलेला माल. हे तर ते स्वतः दुकानदारांना सांगत आले होते. त्यांनी ठळक अक्षरात लिहिलं, 'वापर केलेला नाही.'

काही दिवसांनी बँकेतून बोलावणं आलं. कंपनीचं उत्तर आलं होतं. आणि खातं दोघांच्या नावावर असल्यामुळे दोघांच्या सह्या लागणार होत्या. येताना पत्नीला घेऊन या.

मापसाहेबांनी घरी सांगितलं की खात्याच्या कागदपत्रांचं काहीतरी आहे. बायकोने साडी बदलली, पर्स घेतली आणि ती निघाली. रस्ताभर ते मनात वाक्यं जुळवत होते. या दिव्याच्या खांबापाशी सांगू. खांब गेला. मग औषधांच्या दुकानापाशी सांगू. दुकान आलं, तर बायको म्हणाली, "सावकाश चला, धाप लागतेय तुम्हाला." बँकेचा दरवाजा आला तरी त्यांचं पहिलं वाक्य तयार नव्हतं.

तक्रार विभागाच्या बाई कामाशी काम ठेवणाऱ्या होत्या. त्यांनी दोघांना खुर्च्या दिल्या आणि कागद पुढे ओढला.

"तुम्ही लिहिलंय की घोरणं मोजायच्या ॲपचे पैसे परत हवेत, कारण सेवा वापरली नाही. बरोबर?"

मापसाहेबांनी बायकोकडे बघायचं टाळलं. बघायची गरजही नव्हती. तिची पर्स मांडीवर सरळ झाल्याचा आवाज त्यांनी ऐकला.

"पैसे?" बायको म्हणाली. "ते फुकट होतं ना?"

या एका प्रश्नाची धास्ती त्यांनी इतके दिवस बाळगली होती. "सात दिवस होतं," ते म्हणाले. "नंतर नव्हतं. आठवण डब्यात आली." आणि मग सगळंच बोलले. वर्षाची वर्गणी, मेव्हणा, दुसरी वर्गणी, पेट्रोल. बाईंनी मधेच टोकलं नाही. बायकोने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "शिंप्याकडून कळलं होतं मला थोडंसं. मी वाट बघत होते तुम्ही कधी सांगता त्याची."

ते जमिनीत जाऊ पाहत होते, पण बँकेची फरशी पक्की होती.

"कंपनी म्हणते सेवा वापरली गेली," बाई म्हणाल्या. "त्यांनी पुरावा पाठवलाय." पुरावा हा शब्द ऐकून मापसाहेब सावध झाले. "सगळ्या रात्रींचे आवाज आहेत. तुमचा आहे का तेवढं ओळखा."

"लावू नका," बायको एकदम म्हणाली.

पण बाईंनी बटण दाबलं होतं. त्यांच्या आधी आलेले आजोबा कमी ऐकणारे असल्यामुळे आवाज मोठ्यात मोठा ठेवलेला होता.

प्रथम खरखर आली. मग ते आलं. मापसाहेबांनी आयुष्यात अनेक यंत्रं तपासली होती, पण असा आवाज करणारं यंत्र त्यांनी जागच्या जागी बंद केलं असतं. रोखपालाने नोटा मोजायच्या थांबवल्या. रांगेतली माणसं वळली. दारावरचा पहारेकरी आत डोकावला आणि कुठलं मशीन बिघडलं ते शोधू लागला. मापसाहेबांनी मान खाली घातली. माप मिळालं होतं. शंकेला जागा नव्हती.

आणि मधेच आवाज थांबला.

"संपलं वाटतं," बाई म्हणाल्या. त्यांनी हात पुढे केला.

"संपलं नाही," बायको हळू आवाजात म्हणाली.

खरंच संपलं नव्हतं. आतून नुसती शांतता येत होती. श्वासाचा आवाज नाही, काही नाही. ती शांतता लांबत गेली, इतकी की रांगेतल्या एकाने नकळत स्वतःच दीर्घ श्वास घेतला. मग कडी वाजली. चपला न घातलेली पावलं. आणि बायकोचा आवाज, झोपेतून उठल्यासारखा नाही, जागा.

"अहो." जरा थांबून, "अहो, घ्या ना श्वास."

पलंग करकरला. मग पाण्याबाहेर डोकं काढल्यासारखा एक मोठा श्वास आला आणि घोरणं पुन्हा सुरू झालं.

"हं," तो आवाज म्हणाला. "आता कुशीवर व्हा. असे." पांघरूण ओढल्याची सळसळ झाली. पावलं दाराकडे गेली, थांबली, पुन्हा जवळ आली. "आणि डब्या, तू काही ऐकलेलं नाहीस."

बँकेत कुणी हसलं नाही. बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"हे एकाच रात्री आहे का?" मापसाहेबांनी विचारलं. त्यांचा आवाज त्यांना ओळखू आला नाही.

बाईंनी दुसरी रात्र लावली. घोरणं, शांतता, कडी. तिसरी लावली. शांतता, कडी, अहो.

"पुरे," मापसाहेब म्हणाले.

"मग काय लिहू? सेवा वापरली की नाही?"

"वापरली," ते म्हणाले. "लिहा, वापरली. माझी तक्रार नाही." आणि त्यांनी तक्रार मागे घेतल्याच्या कागदावर सही केली. बायकोने खाली केली. या वेळी ती घुटमळली नाही.

बँकेच्या पायऱ्यांवर दोघं बसले. मापसाहेब असे कधी पायऱ्यांवर बसत नसत.

"मला वाटलं, माझ्या घोरण्याला कंटाळून गेलीस."

"घोरण्याला कोण कंटाळतंय? इतकी वर्षं त्यातच झोपले." तिने पदराने चेहरा पुसला. "घोरणं थांबतं हो मधेच. त्याची भीती वाटते. शेजारी पडून मी वाट बघत बसायचे, पुढचा येतो की नाही. म्हटलं, दुसऱ्या खोलीत गेले तर ऐकूच येणार नाही. तर तिकडे भिंतीला कान लावून बसायला लागले. तिकडे तर भीती जास्तच."

"मला सांगायचंस ना."

"काय सांगू? तुम्ही म्हणाला असता, पुरावा काय?"

समोरून गाड्या जात होत्या आणि मापसाहेब एकेक श्वास आत घेऊन, तो जातोय ना, हे बघत होते.

"बराच वेळ थांबतो का गं?"

"मोजते मी," बायको म्हणाली. "पंचवीसच्या पुढे गेलं की उठते. मापं काय फक्त तुम्हालाच घेता येतात?"

घरी आल्यावर बायकोने सरळ स्टूल घेतलं, कपाटावरून डबा उतरवला आणि भाजी चिरायच्या सुरीने लाख उडवली. पंचांना बोलावलं नाही. जुना फोन हातात घेऊन ती उजव्या कोपऱ्यात गेली आणि पुढच्या वर्षाची वर्गणी रद्द करायचं बटण तिने शोधून काढलं. ॲपने कारण विचारलं. 'आता गरज नाही' या उत्तरावर तिचं बोट गेलं होतं. पण तेवढ्यात मापसाहेबांनी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे लावलेला फोन लागला, आणि पलीकडून दवाखान्यातल्या बाईंनी विचारलं, "झोपेतलं काही रेकॉर्डिंग आहे का तुमच्याकडे? असलं तर घेऊन या. डॉक्टरांना फार उपयोग होतो."

"आहे," मापसाहेब म्हणाले. "सगळ्या रात्रींचं आहे. सीलबंद होतं."

बायकोने बोट उचललं आणि फोन बाजूला ठेवला. डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशीची वेळ दिली होती. एक मशीन मिळतं म्हणे, नाकाला लावून झोपायचं. आधी आठवडाभर घरी नेऊन फुकट वापरून बघता येतं, असंही त्या बाईंनी सांगितलं होतं. हे ऐकून मापसाहेबांनी फोनवरच पाकीट चाचपलं.

दुपार झाली होती. बँकेसाठी घेतलेली रजा अजून अर्धा दिवस शिल्लक होती. मापसाहेब पलंगावर जाऊन पडले खरे, पण डोळा लागेना. आता झोपायचीच भीती वाटत होती. श्वास थांबला तर? त्यांनी छतावरचा पंखा पाहिला. दोन चांगल्या पंख्यांची किंमत गेली होती, ती आता जास्त वाटत नव्हती.

दारात बायको आली. तिच्या काखेत तिची उशी होती. ती तिने आपल्या जुन्या जागी ठेवली, दोनदा थोपटली आणि शेजारी आडवी झाली. पलंग पुन्हा नेहमीएवढा झाला.

"आठवडाभर बघते," ती म्हणाली. "जमलं तर राहीन."

"आणि आठवड्याने?"

"आठवड्याने तुम्ही आठवण ठेवा. डब्यात नको."

मापसाहेब श्वास रोखून पडून राहिले. तिला त्रास नको म्हणून त्यांनी जागंच राहायचं ठरवलं होतं. थोड्या वेळाने बायकोने डोळे न उघडता हात लांब केला आणि तो त्यांच्या छातीवर ठेवला.

"असे गप्प पडू नका हो," ती म्हणाली. "घोरा. म्हणजे मला झोप लागेल."